न केलेला त्याग

शिबिर, ६ मे

ती. दादास,
शेंडेफळाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. इथे पोचल्या पोचल्या सरांनी सगळ्यांचे मोबाईल गोळा करून ऑफिसातल्या लोखंडी कपाटात कोंडले. मुलांचेही आणि आम्हा ताई-दादा लोकांचेही. घरी काही कळवायचं तर जेवणानंतर पत्र लिहायचं, ते दुधाच्या गाडीबरोबर जातं. परीक्षा सोडून मी इतकं हातानं कधी लिहिलं नव्हतं. अक्षराला हसू नकोस, तुझ्यापेक्षा बरं आहे.

काम सांगते. आसपासच्या खेड्यांतली, दहावी झालेली मुलंमुली आहेत. सकाळी धावणं, मग व्हॉलीबॉल, आणि ऊन चढलं की वर्गात बसवून पुढे काय शिकता येतं, होस्टेल कसं मिळतं, ते आम्ही सांगायचं. थोडक्यात, खेळ ही वरची साखर आणि आम्ही आतली कडू गोळी. शेवटच्या रविवारी आईवडील येतात. ज्याला पुढे शिकायचंय त्यानं सगळ्यांसमोर उभं राहून तसं सांगायचं. मैदानाचा पाण्याचा पंप बंद पडलाय, त्यामुळे मधल्या वेळात बादल्या वाहणे.

एक मुलगी आहे, तिला सगळे डावरी म्हणतात. डाव्या हातानं अशी सर्व्हिस मारते की पलीकडचे सहाही जण एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. गणितातही तशीच. तिचे वडील दुधाची गाडी चालवतात, म्हणजे हे पत्र तेच आणणार आहेत. ते म्हणतात, पोरगी शिकत असेल तर माझी ना नाही. ही एकटी कॉलेजात गेली तरी माझा उन्हाळा सत्कारणी लागला.

संध्याकाळी सगळे गोल करून बसतात आणि आमच्यापैकी एकानं आपण कसे शिकलो ते सांगायचं. पहिल्या दिवशी माझा नंबर. मी सांगितलं, अभ्यास केला आणि पास झाले. मुलांनी जांभया दिल्या, एक जण तर चक्क कलंडला. सर म्हणाले, काळजाला हात घालेल असं काहीतरी सांग. दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यात तुझा थोडा उल्लेख आला. सगळे रडले, डावरीसुद्धा. सर म्हणाले, आता रोज हीच गोष्ट.

येत्या रविवारी ये. पाहुण्यांबरोबर सामना असतो. तुझी उंची नुसती स्कूटरखाली आडवं पडण्यात वाया चाललीय.

लोभ आहे तो राहू दे, आणि उत्तर पाठवून तो सिद्धही कर.

तुझी
शेंडेफळ


८ मे

चि. शेंडेफळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र गॅरेजातच हातात पडलं, म्हणून कोपऱ्यावर ग्रीसचा अंगठा उमटलाय. आईनं तसंच वाचून घेतलं, दोनदा. तुझं जेवण, तुझं ऊन, तुझ्या चपला, सगळ्याची चौकशी झाली. मी जिवंत आहे का, हे कोणी विचारत नाही.

एक कळलं नाही. माझा उल्लेख आला आणि पोरं रडली? हसली असं लिहायचं होतं का? माझी गोष्ट ती काय! तास बुडवून गॅरेजात जाऊन बसायचो, दोनदा नापास झालो. निकालाच्या दिवशी आई चप्पल घेऊन मला शोधत आली, तेव्हा मी एका स्कूटरच्या पोटात डोकं घालून गाणं म्हणत होतो. आख्खी गल्ली हसली. सगळ्यात जास्त तू, पडक्या दातांची. आता तर आईच तो किस्सा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. त्यात रडण्यासारखं एवढंच की तिच्या चपलेचा अंगठा तुटला.

रविवारी येतो. सामना हरलात तर माझ्यावर ढकलू नका.

लोभ करण्यात आम्ही कधी कसर केलेली नाही, हे मास्तरीणबाईंनी ध्यानात ठेवावं.

तुझा
दादा


१२ मे

चि. हिस,
आशीर्वाद.

काल न सांगता आधीच्या बसनं निघालो. पोचलो नीट.

बसमधून उतरलो, तू धावत आलीस. आधी माझ्या हातांकडे बघितलंस, मग तोंडाकडे. मी धुऊन आलो होतो. आख्खा साबण झिजवला होता.

मग तुझी ती पोरं. मला बघून सगळी उठून उभी राहिली. एकानं पिशवी घेतली, दुसऱ्यानं झाडाखाली खुर्ची मांडली. मी म्हटलं चेंडू टाका इकडे, तर म्हणाले, नको दादा, तुम्ही आराम करा, तुम्ही आयुष्यभर कष्टच केलेत. अगं, मला अजून तिशी लागायचीय! एक जण तर जवळ येऊन हळूच विचारत होता की अजून कॉलेज स्वप्नात येतं का. आपल्याच शोकसभेला चुकून जाऊन बसलेल्या माणसासारखा बसलो होतो मी. हार तेवढा घालायचा राहिला.

हळूहळू तुकडे जुळवले. घरात एकालाच शिकवता येणार होतं आणि मी तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, असा मी आहे तर. माझी माझ्याशी ओळखच नव्हती.

इथवर मी हसून सोडून दिलं असतं. पण तुझी डावरी माझ्यासाठी पाणी घेऊन आली. म्हणाली, तिनं ठरवलंय, ती पुढे शिकणार नाही. धाकटा भाऊ आहे, बारका. तो शिकेल. ही घरी राहून कोंबड्यांच्या शेडवर काम करणार. म्हणाली, तुमच्यासारखं करणार दादा. डोळे असे चमकत होते, जणू मला पदक दाखवतेय.

खरं सांगितलं असतं तर एवढ्या पोरांसमोर तू खोटी पडली असतीस. म्हणून गप्प बसलो. बसमध्ये बसल्यावर कळलं की तुझ्या अब्रूपेक्षा त्या पोरीचं शिक्षण मोठं होतं. माझी मलाच लाज वाटली, आणि ती तुझ्यामुळे वाटली म्हणून राग आला.

एकच विचारतो. मी नापास झालो आणि मला गॅरेज आवडलं, एवढं सांगायला तुला काय जड जात होतं? खरं लिही.

लोभ आहे. तो वाढेल की नाही, ते सध्या सांगता येत नाही.

दादा


शिबिर, १४ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार घेतलास तर.

याच्याआधी दोन पत्रं लिहून फाडली. दोन्हीत मी बिचारी दिसत होते.

मी काय काय सांगितलं ते आधी ऐक. तू तुझी पुस्तकं माझ्या हातात दिलीस आणि भिंतीकडे तोंड केलंस, असं सांगितलं. ती भिंत कुठून सुचली कोण जाणे. पण त्या भिंतीपाशी एक मुलगी हुंदका देऊन रडली, आणि मग मला थांबता येईना. पुढच्या दिवशी तू माझी पुस्तकं चोरून वाचायला लागलास. त्याच्या पुढच्या दिवशी कॉलेजच्या रस्त्यानं जायचं टाळायला लागलास. तुझी कीव यावी म्हणून मी रोज तुझ्यात नवीन दुःख भरत होते.

आता उत्तर. माझ्या कॉलेजातल्या चौघी इथे माझ्याबरोबर काम करतात. त्याग केलेला भाऊ त्यांना दाखवता येतो. आवडीनं हातात पाना घेतलेला भाऊ दाखवताना माझी जीभ अडखळते. तू दुःखी असलास तर तुझं गॅरेज म्हणजे काहीतरी मोठं होतं. तू सुखी असलास तर ते नुसतं गॅरेज. मला तू दुःखी हवा होतास, दादा. लिहिलंय आता, खोडत नाही. आणि हो, हातांकडेच बघितलं होतं आधी.

काल मी गोलात उभी राहून सांगितलं की ती गोष्ट खोटी होती. मग डावरी उठली. म्हणाली, ताई, तुम्ही असं का म्हणताय ते मला कळलं. मी शिकायला जावं म्हणून. हे तुम्हाला दादांनीच सांगायला लावलं असणार, त्यांचा स्वभावच तसा. आणि सगळ्या माना हलल्या! मी खोटं बोलले तेव्हा सगळे रडले आणि खरं बोलले तर माझ्यावर माया करायला लागले. कुठे तोंड लपवू?

तिच्या वडिलांना गाठलं. आधी त्यांनाही वाईट वाटलं होतं. आता म्हणतात, पोरगी आपणहून म्हणतेय, बारक्याचं भलं होतंय, मी कशाला मोडता घालू? आमच्या गाडीवरच्या सगळ्यांना सांगितलं मी, पोरगी केवढ्या मनाची आहे.

पंचवीसला समारोप आहे. त्या दिवशी ती बसून राहिली तर संपलं. मला म्हणायचा हक्क नाही, तरी म्हणते. ये. माझं कोणी ऐकत नाहीये.

लोभाचं तू म्हणशील तसं.

शेंडेफळ


१७ मे

चि. शेंडेफळास,
आशीर्वाद.

वाचलं. लागलं. पण खरं लिहिलंस.

भाषण मला जमणार नाही. गल्लीच्या बैठकीत दोन शब्द बोला म्हटलं तरी मला शिंका सुरू होतात. पण तुमचा पंप अजून बंदच आहे ना? गुरुवारी येतो आणि उघडून बघतो. पंपातलं मला काडीचं कळत नाही, मी दोन चाकांचा माणूस. पण उघडायला काय जातंय! पाने हातात द्यायला डावरीला पाठव. तू तिकडे फिरकू नकोस. तू आलीस की माझ्याकडे बघशील आणि मी परत दुःखी दिसायला लागेन.

या वेळी हात धुऊन येणार नाही.

आईला काही बोललो नाहीये. उगाच दुसरी चप्पल तुटायची.

लोभ होता तिथेच आहे. थोडा खरचटलाय.

दादा


शिबिर, २३ मे

ती. दादांना,
डावरीचा सा. न. वि. वि.

पत्ता ताईंकडून घेतला. काल तुम्ही गेल्यावर पंपाचं काय झालं ते आधी सांगते. तो आता अजिबातच चालू होत नाही. आधी निदान घरघर तरी करायचा. सर डोक्याला हात लावून बसलेत आणि आम्ही बादल्या वाहतोय.

रागावू नका, पण मी काल पंपाकडे कमी आणि तुमच्याकडे जास्त बघत होते. तुम्ही पोत्यावर सगळे भाग मांडलेत. एक नट निघत नव्हता तर त्याला ये रे राजा, ये रे सोन्या म्हणत होतात. दोनदा जेवायला बोलावलं तरी तुम्हाला ऐकूच आलं नाही. मग बटण दाबलं, धूर आला, आवाज झाला आणि पाणी भलतीकडूनच उडालं. तुम्ही नखशिखान्त भिजलात आणि इतक्या जोरात हसलात की तिकडे सामना थांबला. एवढं बिघडवून इतका खूश झालेला माणूस मी पहिल्यांदा बघितला.

मग मी विचारलं की तुम्ही खरंच ताईंना पुस्तकं दिली होती का. तुम्ही म्हणालात, दिली कुठली, हरवली होती. आणि दहा नंबरचा पाना मागितलात. भिंतीचं मग मी विचारलंच नाही.

माझी सर्व्हिस बसते तेव्हा माझं तोंड काल तुमचं झालं होतं तसं होत असेल. शेडवर राहायचं ठरवलं तेव्हा तसं झालं नव्हतं. तेव्हा बाकीचे माझ्याकडे कसे बघतायत, तेच मी बघत होते. हे कळल्यापासून मला जेवण जात नाहीये.

आता पंचाईत अशी की सगळ्यांना सांगून झालंय. बाबांनी गाडीवर सांगितलं, मैत्रिणींनी मला मिठ्या मारल्या. आता उलट फिरले तर म्हणतील, हिचा त्याग दहा दिवसांचा. रविवारी पाय उचलतील की नाही ते माहीत नाही.

ताईंना मी सध्या मॅडम म्हणते. भांडण नाही. पण तोंडातून ताई येत नाही.

पुढच्या वेळी पंपाला हात लावू नका, पण लोभ ठेवा.

आपली
डावरी


शिबिर, २५ मे

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज समारोप झाला. आईवडील सतरंजीवर, आम्ही मागे ओळीत. डावरीचं नाव घेतलं तर ती उठलीच नाही. तिचे वडील उठले. म्हणाले, आमच्या पोरीनं भावासाठी ठरवलंय... लोकांचे हात टाळ्यांसाठी वर आलेच होते. तेवढ्यात ती बसल्या जागेवरून म्हणाली, बाबा, मी जाणार. आवाज एवढासा. वडील वाकून म्हणाले, काय? तेव्हा तिला उभं राहून परत म्हणावं लागलं. मान खाली, कान लालबुंद. मग बारका मागून ओरडला की बरं झालं, मला कोणी विचारलं तरी होतं का! वडिलांनी त्याला टपली मारली, पण हसत. मग तिच्याकडे बघून म्हणाले, जा मग.

टाळ्या थोड्याच पडल्या. त्यागाला जास्त पडल्या असत्या. तिची मान शेवटपर्यंत वर आली नाही, आणि ती खाली कोणामुळे गेली ते मला माहीत आहे.

गुरुवारी जाताना तू माझ्या पाठीत थाप मारलीस. शिबिराचा पांढरा शर्ट, त्यावर काळी पाचही बोटं उमटली. आज मी तोच घातला. सर म्हणाले, पालक येणार, बदल. नाही बदलला. कॉलेजातल्या त्या चौघींपैकी एकीनं विचारलं, हे कोणी केलं? म्हटलं, माझ्या भावाचा हात आहे. तो स्कूटर दुरुस्त करतो, त्याला ते आवडतं. एवढं बोलतानासुद्धा तोंड कोरडं पडलं, हे तुला कळलेलं बरं. ती म्हणाली, अच्छा. बस, इतकंच! या अच्छासाठी मी एवढं सगळं केलं होतं.

शेवटी फोटोला उभे राहिलो. डावरी नेमकी माझ्या मागे. मग म्हणाली, मॅडम, घासलेटनं निघतं ते.

माहीत आहे, म्हटलं. लहानपणापासून बघतेय.

उद्या घरी येतेय. लोभ मागत नाही. शर्ट धुतलेला नाही, एवढंच कळावं.

तुझी
शेंडेफळ