सिनेमा पाहून आल्यावर

बॉथेल, अमेरिका

प्रिय गजानन,

इथे सगळे मजेत आहेत. तुझ्या गुडघ्याचीच काळजी वाटते. तेल लावतोस ना?

परवा सियाने मला सिनेमाला नेलं. आणीबाणीतली गोष्ट होती. छापखान्यातल्या कामगाराला पत्रकं छापली म्हणून अटक होते आणि त्याच्यावर जीव असलेली वकिलाची मुलगी घरच्यांच्या धाकाने दुसरीकडे लग्न करते. आपली नात हुंदके देत होती. मी मात्र मिरजेत, तुझ्या छापखान्यात पोचले होते. शाईचा तो वास!

"आजी, तुला रडू नाही आलं?"

"मी थांबले होते ना, तुझे आजोबा येरवड्यातून सुटेपर्यंत."

गाडीत बसल्यावर तिने डोळे पुसले. मग म्हणाली, "आजी, मार्कोस बस ड्राइव्ह करतो. वी वॉन्ट टु गेट मॅरिड. बाबा ऐकतच नाही."

म्हणून काल मीच मार्कोसला जेवायला बोलावलं. आपला मिहीर लेकीवर रागावून ताटाकडेच बघत जेवत होता. पण शेवटी त्यानेच मार्कोसला आणखी भात वाढला.

माझ्या वडिलांनी तर तुला दारातूनच परत पाठवलं होतं.

तुझीच,
सुचित्रा