'बोला'ची क्लिप

३ मार्च, सकाळी ७
संकल्प: अहिंसा शिकवणारा कॉम्प्युटर गेम करणार. खऱ्या माणसांचं शूटिंग. भांडण रंगात आलं की व्हिडिओ थांबेल, पडद्यावर दोन बटणं येतील: 'मारा' आणि 'बोला'. जे दाबाल ती क्लिप पुढे चालू. निवड दिली की माणूस चांगलंच निवडतो. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून एवढं तर केलंच पाहिजे.
कलाकार: दादा आणि मामा. दोघांचं मिळून फर्निचरचं वर्कशॉप. दोन वर्षांपूर्वी भांडून मध्ये प्लायवूडची भिंत घातली, तेव्हापासून अबोला. आई रोज दोन्हीकडे वेगवेगळा डबा पोचवते. 'बोला'च्या क्लिपमध्ये मिठी आहे. कॅमेऱ्यासमोर का होईना, मिठी ती मिठीच.

५ मार्च
दादा म्हणाला, मामाला मारायला मिळणार असेल तर येतो. मामाही दादाबद्दल हेच म्हणाला. दोन वर्षांत इतकं एकमत पहिल्यांदाच.

८ मार्च, दुपारी
आधी 'मारा'च्या क्लिप उरकायच्या. राग निघून गेला की मिठी मनापासून येईल.
थप्पड हवेत मारा, आवाज मी नंतर घालते, असं तीनदा बजावलं. आवाज घालावा लागला नाही. मामाचा ओठ फुटला.

९ मार्च
मी पुठ्ठ्याची खुर्ची बनवली होती. दादाने सागवानी उचलली. ती मामाच्या पाठीवर मोडली. मामा खाली पडल्या पडल्या म्हणाला, सांधे कच्चे ठेवलेस. दादा म्हणाला, खुर्ची तुझ्याच बाजूची आहे. त्यावर मामाने दादाचा डोळा सुजवला आणि दादाने मामाचा पुढचा दात पाडला. दात भुशात शोधला, मिळाला नाही. अभिनय अव्वल.

११ मार्च
भिंत पडली. दादा मामाला घेऊन तिच्यातून आरपार गेला. प्रतीक म्हणून फार सुंदर. दादाच्या कपाळाला सहा टाके. सोडवताना मीही दोघांना लाकूड आवळायच्या पकडीच्या दांड्याने एकेक हाणली. ती शिस्त होती. टाके घालणाऱ्या डॉक्टरांना सांगितलं, अहिंसेवर काम चालू आहे.

१२ मार्च
किरकोळ अडचण. 'बोला' गोष्टीत पहिल्या थपडेच्या आधी येतं. तिथे चेहरे शाबूत हवेत. बरे होईपर्यंत थांबू म्हटलं. मामाने विचारलं, दात काय पुन्हा उगवणार आहे? दोघांनी काम सोडलं. आता विटांची भिंत बांधतायत. एक इकडून, एक तिकडून, न बोलता.

१५ मार्च
शेजारच्या अकरा जणांनी गेम खेळून पाहिला. अकराही जणांनी 'मारा' दाबलं. शिंप्याने चारदा. 'बोला' कुणी दाबतच नाही, म्हणजे ती क्लिप नाही हे कळणारही नाही. गेम पूर्ण झाला म्हणायला हरकत नाही.

१६ मार्च, संध्याकाळी ६
आज आईला दाखवला. तिने माऊस पहिल्यांदाच धरला. भाऊ आणि मुलगा पडद्यावर समोरासमोर उभे. तिने ओला हात पुसला आणि 'बोला' दाबलं.
पडदा काळा.
मी सांगितलं, आई, ते व्हायचं राहिलं. ती म्हणाली, थांब गं, बोलत असतील.

साडेसात
अजून बसली आहे.