लाल म्हणजे वस्ती

४ मार्च
आले बाई एकदाची शहरात, नुकूसला! ऑफिसात शेगडी आहे, दिवसभर चहा आहे, आणि साहेब सापारबाय म्हणजे थट्टेखोर म्हातारा; सगळे मानाने अगा म्हणतात, म्हणजे दादा. काम मजेचं. उपग्रहाच्या चित्रांवरून अमूदर्या नदीच्या मुखाकडची जमीन कशी बदलतेय ते रंगवायचं. पाणी निळं, लव्हाळी हिरवी, मीठ पांढरं, वस्ती लाल. आपण नमुने दाखवायचे, पुढचं संगणक शिकतो. खोली लागली की आईला गावाहून आणणार. ती म्हणते, तुझ्या बाबांना एकटं टाकून कशी येऊ? बाबा कबरस्तानात आहेत. पण तिच्याशी वाद कोण घालणार!

११ मार्च
अगांनी यथेच्छ फिरकी घेतली. आमच्याच गावाबाहेरचं कबरस्तान मी लाल रंगवलं होतं! आमच्या कबरींना भिंती, घुमट, मधून वाटा. वरून पाहिलं तर गावच. अगा म्हणाले, आयसानेम, मेलेल्यांनाही घरपट्टी लावणार का गं? लाज वाटली, हसूही आलं. पुसून टाकलं.

२२ मार्च
नव्या चित्रात ते पुन्हा लाल. पुसलं. पुन्हा लाल. अगा म्हणाले, यंत्र तुझ्यासारखंच हट्टी. पण लाल वाढलंय, नव्या भिंती दिसतात. गावात कुणी वारलेलं नाही, आईला विचारलं.

५ एप्रिल
कबरस्तानातून गावाकडे रस्ता उमटलाय. गावाच्या कडेची घरं पांढरी. मीठ.
आई फोनवर खुशीत होती. मेलेल्यांना वास पोचावा म्हणून ती दर गुरुवारी तेलात रोट्या तळते. म्हणाली, हल्ली एकही उरत नाही, पाहुणे येतात. कोण, ते सांगेना.

१४ एप्रिल
आईला फोनवर निघ म्हणून ओरडले, रडले. म्हणाली, वेडी कुठली, इथे कशी गजबज आहे, आणि तुझे बाबा —
फोन कट.
भीती वाटायला हवी. पुन्हा पुन्हा फोन लावतेय, एवढंच.

१९ एप्रिल
प्रत्यक्ष जागा पाहायला अगा गेले. फोन आला. म्हणाले, चूक तुझी नव्हती पोरी, वस्तीच आहे. चहा पितोय. परत कधी येणार विचारलं तर नुसते हसले.

२३ एप्रिल
आमचं घर पांढरं. गाव पांढरं. लाल रस्ता नुकूसपर्यंत. माझी गल्ली — पांढरी.
आईचा फोन. मला तिकडे न्यायचा तुझाच हट्ट होता ना, म्हणाली. येतोय. दोघंही.

गुरुवार
दाराशी आलेल्यांना उपाशी कसं ठेवायचं. कढई ठेवलीय. तेल तापलं —
जिन्यात पावलं. खूप.
बाबांचा आवाज मला आठवतच नव्हता. आता