मायाच्या रांगोळीतली पूड

७ एप्रिल, सोमवार

पुन्हा लेव्हल उतरली! सकाळी पाळीवर गेलो तर कंट्रोल रूममध्ये पॅनेलवर बसणारा स्वप्नील म्हणतो, "काका, तुमची पूड पळाली." हसत होता. मला हसू आलं नाही.

पूड म्हणजे कॅटॅलिस्ट. रिफायनरीतल्या आमच्या युनिटमध्ये तिला सगळे पूडच म्हणतात. मैद्यासारखी मऊ, पण खालून हवा दिली की पाण्यासारखी वाहते. घट्ट काळं तेल या तापलेल्या पुडीला लागलं की फुटतं — त्यातून गॅस निघतो, पेट्रोल निघतं. तेलाची काजळी मात्र पुडीवर बसते. मग पूड शेजारच्या भांड्यात जाते, तिथे हवेने काजळी जळते, आणि पूड पुन्हा तेलाकडे. दिवसरात्र हेच फिरणं. गावी आईच्या तव्याच्या बुडाला काजळी पेटून ठिणग्या पळायच्या, ते आठवतं. इथलं भांडं तेवढं इमारतीएवढं.

थोडी पूड धुराड्यातून जातेच. पण एवढी? रोज नवी भरतोय आणि रोज कमीच.

९ एप्रिल

अभयसर आज हॉपरपाशी येऊन उभे राहिले. युनिटचे मॅनेजर, सहसा केबिन सोडत नाहीत. नवी पूड या हॉपरमधून आत जाते. पोती फोडून हॉपर भरायचं काम कंत्राटी माणसांचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझं.

"भरल्याचं सांगतात तेवढी आत दिसत नाही," सर म्हणाले. "मग जाते कुठे?" मग आवाज उतरवून — "मूर्तीचे कारखानेवाले असली बारीक पूड फिनिशिंगला घेतात म्हणे. लालबाग काही लांब नाही. तो पोती फोडणारा धम्मपाल तुमच्या चाळीतलाच ना?"

हो म्हणालो. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत धम्मपाल माझ्यापासून दोन दारं सोडून राहतो. कामाला त्याला इथे मीच लावला. मला दादा म्हणतो.

"नजर असू द्या," सर म्हणाले.

घरी आल्यावर मालनने रोजच्यासारखे माझे कपडे गॅलरीत पेपर पसरून झटकले. ही पूड शिवणीत, खिशात, बुटात, कुठेही शिरते. "ती टाकून दे हां, छातीत जाते," मी रोज सांगतो. "टाकते हो," ती रोज म्हणते. लग्नाला इतकी वर्षं झाली, बोलणं तेच.

११ एप्रिल

नजर ठेवली की काय काय दिसायला लागतं! संध्याकाळी धम्मपाल जिन्यात भेटला. हातातली पिशवी फुगलेली.

"काय रे एवढं?"

"जयंतीचे झेंडे, दादा. दादरहून आणले. बघता?" म्हणाला आणि लगेच पिशवीची गाठ सोडायला लागला.

राहू दे, म्हटलं. आता वाटतं, बघायला हवं होतं. न मागता कोण एवढ्या घाईने पिशवी उघडून दाखवतो?

१४ एप्रिल

जयंती. सकाळी विहारात गेलो. पांढरे कपडे, निळे झेंडे, पोरांचे ढोल. बरं वाटत होतं.

मायाने — धम्मपालच्या बायकोने — विहाराच्या दारात रांगोळी काढली होती. पिंपळाचं पान, त्यात बुद्धांचा शांत चेहरा. सगळी माणसं थांबून बघत होती. मीही वाकलो. पापण्यांच्या रेषा एवढ्या बारीक कशा आल्या म्हणून कडेची चिमूट उचलली.

रांगोळी चिमटीत खरखरते, थांबते. ही थांबली नाही. बोटांतून पाण्यासारखी निघून गेली.

आमची पूड! रांगोळीत मिसळलेली, पण आमचीच. इतकी वर्षं हाताळतोय, बोटं चुकणार नाहीत.

"भावजी, पुसाल!" माया ओरडली.

"कुठून आणलीस गं ही?"

"मिळाली!" म्हणाली आणि मालनकडे बघून हसली. मालनही हसली. मी बघतो आहे म्हटल्यावर दोघी गप्प.

म्हणजे मालनलाही ठाऊक आहे. आणि माझ्यापासून लपवते आहे.

१५ एप्रिल

वंदनेत दुसऱ्या शीलाशी अडलो. न दिलेलं घेणार नाही, हे मी स्वतःसाठी म्हणायचं. मी आज ते धम्मपालसाठी म्हणत होतो.

१८ एप्रिल

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. चहा मागवतात तेव्हा काम असतं.

"चाळीत काही दिसलं?"

मी म्हणालो, "त्यांच्याकडची रांगोळी पाहिली. पूड आपली वाटली."

एवढंच. चोरी हा शब्द मी उच्चारला नाही. पाहिलं ते सांगितलं. खोटं बोलू नये तसंच पाहिलेलं लपवू नये — गावच्या शाळेत गुरुजींनी हेच शिकवलं ना? मग घरी येताना धम्मपालच्या दारावरून मान खाली घालून का आलो?

१९ एप्रिल

धम्मपालचा गेटपास बंद. कारण सांगितलं — 'माल जुळत नाही.' पुढे एक अक्षर नाही.

२२ एप्रिल

आज तो घरी आला. मी नुकतीच उदबत्ती लावून बसलो होतो. दारातच उभा राहिला.

"ये ना आत," मालन म्हणाली.

"नको वहिनी, दादांची वंदना होऊ दे."

झाल्यावर आत आला. बसला नाही. म्हणाला, "दादा, तुम्ही सरांना एक शब्द टाका. तुमचं ऐकतात ते. कंत्राटदार म्हणतो, चोरीचा डाग लागला की दुसऱ्या कुठल्या प्लांटला घेत नाहीत. मी एक कणही उचललेला नाही, तुमच्या समोर तर पोती फोडायचो."

मालन म्हणाली, "बोलतील की! तुला लावलं कोणी?"

मी म्हणालो, "बघतो."

तो गेला. धूर वर चालला होता, वाटीतली उदबत्ती ताठ उभी होती. मला समोरच्या मूर्तीकडे बघवेना.

पण एवढ्या निर्मळ तोंडाने बोलला कसा? रांगोळी तर मी हाताने पाहिली. मुरलेला असला पाहिजे.

२६ एप्रिल

धम्मपाल सकाळी नाक्यावर उभा राहतो. रंगारी, गवंडी, मिळेल त्या कामाला. मी कोपऱ्यावरून वळून दुसऱ्या बाजूने बसला गेलो.

३ मे, शनिवार

पूड सापडली! म्हणजे कुठे जाते ते सापडलं. तेल फुटून झालं की तळाशी जड तेल उरतं, त्याला स्लरी म्हणतात. लॅबने ते तपासलं, तर त्यात पूडच पूड. रिअ‍ॅक्टरच्या आत पूड तेलाच्या वाफेपासून वेगळी करणारी जी भांडी असतात, त्यातल्या एकाला भोक पडलं असणार. वाफेबरोबर पूड पुढे जात होती आणि स्लरीत उतरत होती. पोती हॉपरमध्ये पूर्ण रिकामी होत होती. कोणी काही नेत नव्हतं.

मी सरांना विचारलं, "मग धम्मपाल?"

"ते आता कंत्राटदाराशी बोलून बघू," सर म्हणाले. "आणि तुम्हीच तर म्हणालात, त्याच्याकडे पूड होती. थोडी असो की जास्त, नेली ती नेलीच ना?"

मी मान हलवली. बरोबरच आहे. थोडी तर नेलीच. युनिटला भोक पडलं म्हणून त्याचा हात स्वच्छ होत नाही. मी जे पाहिलं ते पाहिलं.

हे दोनदा लिहून बघितलं. मन काही बसत नाही.

९ मे

मालनने विचारलं, "सरांशी बोललात का?"

"बोललो."

"मग?"

"बघू म्हणाले."

हातातलं काम थांबवून तिने माझ्याकडे बघितलं. लपवतात ते हे लोक, आणि बघतात मात्र माझ्याकडे, मीच लपवत असल्यासारखं.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

मायाने निरोप धाडला, यंदा रांगोळी काढणार नाही, मन नाही. मालन म्हणाली, "मग मी काढते, येईल तशी." आणि पलंगाखालून एक डबा ओढला. झाकण काढलं. ताटात रांगोळी होती, तिच्यात डब्यातलं ओतायला लागली. पांढरी पूड. पाण्यासारखी पडत होती.

"हे काय?"

"रागावू नका. तुमच्या कपड्यांतली. तुम्ही टाक म्हणता, पण किती सुंदर आहे! टाकायला जीव होत नाही. उदबत्तीच्या वाटीतही हीच घालते, काडी कशी ताठ राहते! जयंतीला मायाला मीच दिली होती. तुम्ही ओरडाल म्हणून तेव्हा बोललो नाही."

मालन विहाराकडे गेली आहे. डबा माझ्यासमोर आहे. तो घेऊन उद्या सरांकडे जायचं, पण आधी धम्मपालकडे. दोन दारं सोडून. मी अजून उठलेलो नाही.