चिमणीचं सारवण

४ जानेवारी, खलिफा सिटी
ही वही माझी एकटीची. मला अक्षर येत नाही, म्हणून सून वासंती लिहिते. तिने वाचायची नाही.
ह्यांचे, म्हणजे माझ्या नवऱ्याचे, गुडघे थंडीने धरलेत. इथे आखातात मुलाच्या व्हिलात जुनी शेकोटी आहे, चिमणीसकट. पेटवायचीच.

६ जानेवारी
चिमणीवाला यहया आला. वरून कॅमेरा सोडला. म्हणाला, आतला पाइप तडकलाय, विषारी गॅस भिंतीतून वरच्या खोलीत शिरेल. स्टीलचा पाइप घालीपर्यंत आग खलास, म्हणजे पेटवायचीच नाही. दहा-बारा दिवस लागतील.
मला धूर शिकवतो! ह्याच्यापेक्षा माझी फुंकणी वयाने मोठी असेल.

९ जानेवारी, दुपारी
मुलगा उपेंद्र ऑफिसात. कुंडीतली माती कालवली. हात पोचला तिथवर चिमणी आतून सारवली. छान गुळगुळीत. वासंतीने पेटवणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. घेतली. एवढी घाबरट सून कुठे मिळाली कोण जाणे. लिही गं, थांबू नको.

१० जानेवारी, संध्याकाळी, हॉस्पिटल
वासंती मुलांना आणायला शाळेत गेली, तेवढ्यात थोडे कोळसे पेटवले. धुराची रेघ नाही. हे वरच्या खोलीत पडले होते. चहाला हाका मारल्या, उठेनात. डॉक्टर गॅस म्हणतात. मी म्हणते, दुपारचे वाल बाधले. सारवणाला एक भेग नव्हती.
वासंती आता लिहीत नाही म्हणते. लिही म्हटलं.

१३ जानेवारी
ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून वासंतीला विचारलं, ह्या बाई कोण? थट्टा करतायत. जन्मभर मी केली, आता त्यांची पाळी. दोन दिवसांत येतील ठिकाणावर.

१७ जानेवारी
घरी आणलं. अजून थट्टा चालूच. उपेंद्र माझ्याशी बोलत नाही. ऑफिसचं टेन्शन असणार.

२० जानेवारी
यहयाने स्टीलचा पाइप वरपासून खालपर्यंत घातला, गॅस कळला की ओरडणारी डबी वरच्या खोलीत लावली. मग आग पेटवून दाखवली. जाताना हिंदीत विचारलं, त्या दिवशी कोणी पेटवली होती? मी म्हटलं, मी.
संध्याकाळी हे शेकत बसले. मी शेजारी. मग म्हणाले, “बाई, आता जा तुम्ही. घरी वाट बघत असतील.”
बरं म्हटलं. उठले. स्वयंपाकघरात जाऊन बसले.