मुर्रीचे घर सुनेच्या नावे

मी, देवकाबाई, कैलासवासी उदाराम शहारे यांची पत्नी, वय अडुसष्ट वर्षे, धर्म ख्रिस्ती, धंदा जेवणाचे डबे पुरवणे, राहणार मुर्री, तालुका व जिल्हा गोंदिया, आज हे मृत्युपत्र माझ्या सांगण्यावरून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाचे तसे नाही. त्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे लिहावे म्हणून मला कोणीही भरीस घातलेले नाही. उलट, लिहू नये म्हणून पुष्कळांनी गळ घातली आणि एकाने धमकी दिली. तो एक माझा मुलगा आहे.

लिहिणारे संघदीप वकील मला म्हणाले, "मावशी, कारणं लिहायची गरज नाही. कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा."

मी म्हणाले, "कारण नाही लिहिलं तं लोकं आपापलं कारण लावतीन."

म्हणून कारणांसह लिहवून घेतले आहे, आणि ती गाळू नयेत अशी माझी ताकीद आहे.

कलम १. मुर्रीतले माझे राहते घर, मागची मोरी, विहीर आणि पेरूच्या झाडासह मोकळी जागा ही माझी स्वतःची मिळकत आहे. माझे पती रेल्वेत गँगमन होते. सालेकशाच्या गँगवर असतानाच तापाने गेले. त्यांच्या मागे रेल्वेकडून जे मिळाले त्यातून मी ही जागा माझ्या नावाने घेतली आणि डब्यांच्या कमाईवर हळूहळू घर उभे केले. ते वडिलोपार्जित नाही. हे घर माझ्या पश्चात माझी सून अल्का लोकेश शहारे हिला पूर्ण मालकीने मिळावे. ती माझ्या मुलासोबत नांदो न नांदो, पुढे दुसरे लग्न करो, घर विकून दुसऱ्या गावी जावो, तिच्या मालकीत फरक पडणार नाही.

कलम २. माझा एकुलता एक मुलगा लोकेश याला घर का नाही, ते सांगते.

लोकेश दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही. कोहमाऱ्याहून ट्रक चालवतो. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पेटी वाजवतो, आणि त्याचा गळा असा आहे की नाताळात दुसऱ्या धर्माची माणसेही दाराशी उभी राहून ऐकतात. बाहेर त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस मिळणार नाही. घरात मात्र अल्का फोनवर कोणाशी बोलली, भाजी आणायला एवढा वेळ का लागला, एवढ्यातेवढ्यावरून त्याचा आवाज चढायचा. मी मध्ये बोलले की दोन दिवस शांत राहायचा. त्याने हात उचललेला मी पहिल्यांदा पाहिला तो मागच्या उन्हाळ्यात.

रेल्वे कॉलनीत डबे पोहोचवून मी परत आले तेव्हा अल्का मोरीत पडलेली होती आणि लोकेशच्या हातात धुणे बडवायचे लाकडी मोगरे होते. माझी नात रुची भिंतीला पाठ लावून उभी होती. ती रडतसुद्धा नव्हती. लोकेशने मोगरे पुन्हा उचलले तशी मी दोघांच्या मध्ये शिरले.

"माय, बाजूले हो. हे आमच्या नवरा-बायकोचं आहे."

"माझ्या घरात आहे, तं माझंही आहे. मार. आता मले मार."

त्याने मोगरे फेकले आणि मोटारसायकल काढून निघून गेला. आरडाओरडा ऐकून शेजारचे जागेश्वर बिसेन आले. त्यांच्याच ऑटोतून अल्काला दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी विचारले, "ये कैसे हुआ?"

अल्का खाली मान घालून म्हणाली, "मोरीत घसरली."

डॉक्टर लिहू लागले. मी गप्प राहिले असते तर तेच कागदावर गेले असते, माझा मुलगा संध्याकाळी घरी जेवायला आला असता, आणि सगळे आधीसारखे चालले असते. पण शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मी रविवारच्या शाळेत इतक्या मुलांकडून पाठ करून घेतली होती, लोकेशकडूनही. अल्कापेक्षा जवळचा शेजारी मला कोण होता? मी म्हणाले, "घसरली नाही, डॉक्टरसाब. मेरे लडके ने मारा है." अल्काने माझा पदर ओढला. मग पदरातच तोंड लपवून ती रडली.

हाताचे हाड मोडले होते. त्याच दिवशी अल्काने पोलिसांत तक्रार दिली आणि मी जबाब दिला. पोलिस लोकेशला पकडून आत घेऊन गेले तेव्हा मी ठाण्यातच बाकावर बसले होते. त्याने माझ्याकडे पाहिले. मी नजर वळवली नाही.

कलम ३. लोकेश जामिनावर सुटला. या घरात पाऊल टाकायचे नाही आणि अल्काजवळ जायचे नाही, अशी कोर्टाची अट आहे. तो कोहमाऱ्यालाच राहू लागला. पुढे एका रविवारी अल्का घरी असताना तो उपासनेत उठला, गुडघ्यांवर आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "प्रभू, मी पापी आहे. मले माफ कर." बायकांच्या बाजूला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्याही आले. बाहेर आल्यावर मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याचे केस लहानपणी होते तसेच दाट आहेत.

दुसऱ्या दिवशी बिसराम मेश्राम घरी आले. ते आमच्या मंडळीतले ज्येष्ठ वडील, उदारामचे जुने मित्र. त्यांनी माझ्यासमोर एक तयार बक्षीसपत्र ठेवले. घर आत्ताच लोकेशच्या नावे करायचे, मी कोर्टात जबाब फिरवायचा, अल्काने तक्रार मागे घेऊन नांदायला लागायचे.

"सत्तर वेळा सात माफ करा, असं प्रभू सांगून गेला, देवकाबाई," ते म्हणाले. मग चहा घेऊन आलेल्या अल्काकडे वळले. "अन् पोरी, एका गालावर कोणी मारलं तं दुसरा पुढं कराव. तू ख्रिस्ती बाई आहेस ना?"

अल्काच्या हाताचे प्लास्टर नुकतेच निघाले होते. तिने दुसऱ्या हाताने कप ठेवले. ती आत गेली.

मी म्हणाले, "भाऊ, ज्याचा गाल त्यानं पुढं कराव. दुसऱ्याचा गाल पुढं कराले प्रभूनं तुमाले कधी सांगितलं?"

"अन् प्रभूच्या गोष्टीतला तो घर सोडून गेलेला पोरगा? बापानं धावत जाऊन त्याले पोटाशी धरलं का नाही?"

"धरलं. पण तो पोरगा मले चाकर म्हणून ठेवा म्हणत आला होता. घराचा कागद घेऊन नाही आला."

बिसरामभाऊ चहा न पिता उठले. पुढच्या प्रभूभोजनाच्या उपासनेला माझ्याशेजारी कोणी बसले नाही.

तरीही आईचे मन. मी लोकेशला जागेश्वरांच्या अंगणात बोलावून घेतले. म्हटले, "तुझं खरं असन तं माझ्याएवढा आनंद कोणाले होईन? देवाची माफी मागितली, मंडळीची मागितली. अल्काची मागितली काय?"

तो म्हणाला, "तिची कायले मागू? बायको आहे माझी. तिच्यापायी मी जेलात जाऊन आलो."

तो खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "त्या कागदावर सही नाही केली तं नको करू. तू गेल्यावर घर माझंच आहे. मंग पाहतो ती कुठं राहते ते."

जागेश्वर तिथेच उभे होते. त्यांनीही हे ऐकले. हे मृत्युपत्र करायचे मी त्या क्षणी ठरवले.

कलम ४. गेल्या महिन्यात कोर्टात माझी साक्ष झाली. लोकेशच्या वकिलांनी विचारले, "आई असून पोटच्या मुलाविरुद्ध बोलता? तुमच्या धर्मात क्षमा नाही का?"

मी म्हणाले, "आहे. मी त्याला केली आहे. पण तुम्ही मला काय पाहिलं ते विचारलं."

मी पाहिले ते सगळे सांगितले, मोगऱ्यासकट. व्हरांड्यात लोकेश माझ्या अगदी जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "आजपासून मले माय नाही." पायऱ्या उतरताना माझ्या छातीत दुखू लागले. निकाल अजून लागायचा आहे. तो लागेपर्यंत मी असेन की नाही ते देव जाणे. निकाल कसाही लागला तरी या कागदात बदल होणार नाही.

कलम ५. डब्यांच्या धंद्याचे सामान, म्हणजे भात-वरण शिजवायचे जर्मनचे मोठे गंज, दोन्ही शेगड्या, कुकर, पोळपाट आणि सगळे डबे, अल्काचे. धंदा चालवायचा की मोडायचा ते तिने ठरवावे. पोस्टातली शिल्लक रुचीच्या शिक्षणासाठी, आणि ती सज्ञान होईपर्यंत अल्काच्या ताब्यात. माझ्या दोन बांगड्या मोडून रुचीला सायकल घ्यावी. लग्नासाठी त्या राखून ठेवू नयेत.

कलम ६. लोकेशला पेटी मिळावी. ती मी त्याच्यासाठीच घेतली होती. अट कोणतीही नाही, फक्त ती न्यायला त्याने घरी येऊ नये, जागेश्वरांकडून घ्यावी. मी त्याला क्षमा केली आहे, हे खरे आहे. त्याच्यासाठी रोज प्रार्थना करते, हेही खरे आहे. पण माझी क्षमा माझ्याजवळची आहे. अल्काची क्षमा मी कोणाला वाटू शकत नाही. मंडळीही वाटू शकत नाही. लोकेशला या घरात कधी यायचे असेल तर अल्काने, कोणी शेजारी बसून आग्रह करत नसताना, स्वतःहून बोलावल्यावरच त्याने यावे. तिने कधीच बोलावले नाही तर त्याचा दोष तिच्या माथी मारू नये.

कलम ७. बिसरामभाऊंबद्दल. पावसाळ्यात त्यांच्या पत्नी पडल्या आणि अंथरुणाला खिळल्या. तेव्हापासून त्यांच्या घरी डबा माझ्याकडून जातो. ते डबा घेतात, माझ्याशी बोलत नाहीत. मीही त्यांच्याशी बोलायला उत्सुक नाही, हे खोटे कशाला लिहू? पण जो आपल्याशी बरा वागत नाही त्याच्याशीही बरे वागायचे, हे शास्त्रात आहे, आणि ते फक्त बायकांसाठी लिहिलेले नाही. माझ्या मागे तो डबा चालू ठेवायचा का, ते अल्काला विचारावे, सांगू नये. माझ्या मातीला बिसरामभाऊंनी खुशाल यावे. क्षमेवर बोलायचे असेल तर मात्र आधी अल्कासमोर बसावे आणि तिच्यावर काय गुदरले ते तिच्या तोंडून, मध्ये न बोलता, ऐकून घ्यावे. तेवढे जमणार नसेल तर नुसते गाणे म्हणावे.

कलम ८. मला उदारामशेजारी पुरावे. लोकेश आला तर त्याला माती देऊ द्यावी. त्याला कोणी अडवू नये, टोमणे मारू नयेत. त्याच्यासमोर उभे राहणे अल्काला नको असेल तर ती घरी थांबेल. सून मातीला आली नाही म्हणून बोलणाऱ्यांना माझ्या वतीने जागेश्वरांनी उत्तर द्यावे. ते मोठ्याने बोलतात, तेव्हा सगळ्यांना ऐकू जाईल.

कलम ९. या मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी मी संघदीप वकिलांना नेमते. कोणी मध्यस्थीला आले तर त्यांनी आधी अल्काची संमती लेखी घ्यावी, आणि ती एकटी असताना.

सहीपूर्वीची पुरवणी. वरचे सगळे वाचून झाले होते आणि मी पेन हातात घेतले होते, तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. लोकेश फाटकाबाहेर उभा होता. अल्का आत स्वयंपाकघरात होती. जागेश्वर उठले. मी त्यांना बसवले आणि स्वतः बाहेर गेले.

"ऐकलं, घर तिच्या नावानं करून राहिली म्हणे," तो म्हणाला.

"करून राहिली."

"अन् मले?"

"पेटी."

त्याने फाटकावर मूठ आपटली. मी मागे सरकले नाही. जरा वेळाने त्याने विचारले, "जेवाले आहे काय काही?" मी ताट वाढून आणले आणि फाटकावरून त्याच्या हातात दिले. तो गाडीवर टेकून उभ्याने जेवला, खाली बघत. मग ताट धरूनच घराकडे बघून हाक मारली, "अल्का! मले एकदा आत येऊन बोलू दे."

अल्का दारात आली. तिचे हात कणकेचे होते. "नाही."

"पाच मिनटं. काऊन इतकी घाबरते?"

"नाही म्हणलं ना."

त्याचा हात फाटकाच्या कडीवर होता. त्याचा जबडा आवळला गेला. त्या दिवशी मोरीत मी तो असाच आवळलेला पाहिला होता. जागेश्वर माझ्या मागे येऊन उभे राहिल्याचे मला जाणवले. अल्का दारातून हलली नाही. मग लोकेशने कडीवरचा हात काढला, ताट माझ्याकडे दिले आणि निघून गेला.

संघदीप वकिलांनी विचारले, "मावशी, आता काही बदलायचं आहे काय?"

अल्का म्हणाली, "आई, सही करा."

मी वकिलांना म्हणाले, "एक शब्द बदलू नका. पण हे खाली लिहा, की तिनं नाही म्हटलं अन् तो माघारी गेला. आजवर कधी गेला नव्हता."

ते लिहिले, मला वाचून दाखवले, आणि मी ऐकून, समजून सही करत आहे.

सही: देवकाबाई उदाराम शहारे

देवकाबाईंनी आम्हां दोघांसमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. आम्हाला या मिळकतीतले काही मिळणार नाही.

साक्षीदार
१. जागेश्वर बिसेन, ऑटोचालक, राहणार मुर्री. पुरवणीत लिहिले ते मीही डोळ्यांनी पाहिले.
२. संघदीप रंगारी, वकील, गोंदिया

ठिकाण: मुर्री, जिल्हा गोंदिया
दिनांक: १५ नोव्हेंबर २०२५, शनिवार