जागेवाला कोण?

वेस्ट विंडसर,
८ सप्टेंबर २०२४

ती. इलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

नव्या घराच्या जागेवाल्याला नारळ द्यायला तू सांगितलं होतंस. घर दोनशे वर्षांचं, सायलस हॅलक यांनी बांधलेलं. ते इथल्या चर्चचे एल्डर, म्हणजे आपल्या देवस्थानाच्या पंचांसारखे. जागेवाले तेच, असं धरून मी त्यांच्या थडग्यापाशी नारळ ठेवला, गाऱ्हाणं घातलं, घराला सांभाळून घ्या म्हटलं. प्रसन्न म्हणाला, यार, त्यांना मराठी तरी कळेल का.

नारळ पाहून शेजारच्या मार्थाबाई हेलावल्या. चर्चच्या वर्धापनदिनी एल्डरांच्या आयुष्यावर मीच बोलायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. एल्डरांनी शाळेला जमीन दिली, रस्ता आखला, गावची भांडणं मिटवली. सगळं मी पाठ केलं. काल मार्थाबाई घर पाहायला आल्या आणि स्वयंपाकघरावरचा माळा दाखवून सहज म्हणाल्या, ही फिलिसची खोली. फिलिस एल्डरांची गुलाम होती. वर्धापनदिनी हे काढायचं नसतं, असंही म्हणाल्या.

इथे आपलं माणूस म्हणजे त्याच. आमच्या रीमाला दर रविवारी चर्चमध्ये गायला नेतात. त्यांना दुखवू कशी? आणि बोलू तरी काय?

लोभ आहेच, तो राहू दे.
तुझी सुमेधा

गुहागर,
१५ सप्टेंबर २०२४

चि. सुमेधास अ. उ. आ.

तुझं पत्र शेजारच्या निधीने तिच्या फोनवरून वाचून दाखवलं. अगं वेडे, नारळ घराच्या जागेवर द्यायचा, थडग्यावर नव्हे. घरमालक वेगळा, जागेवाला, म्हणजे जागेचा राखणदार, वेगळा. त्याचं नाव कुणालाच ठाऊक नसतं. फिलिसने तिथे चूल पेटवली, म्हणून ती असेल? की तिच्याही आधीचं कुणी? भटजींना विचारलं, तर अमेरिकेचं मला विचारू नका म्हणाले.

गाऱ्हाण्यात खोटं बोलत नाहीत, एवढं मला माहीत आहे. भाषणाचं तू बघ.

प्रसन्नरावांना आणि रीमाला आशीर्वाद. माया आहेच.
इलाआत्या

वेस्ट विंडसर,
३० सप्टेंबर २०२४

ती. इलाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

काल बोलले. शाळा, रस्ता सांगितला, मग फिलिसचं नाव घेतलं. नंतर एक आजोबा म्हणाले, पाहुण्यांनी हे बोलायचं नव्हतं. एका बाईंनी माझा हात धरला, बराच वेळ सोडलाच नाही. मी बरोबर केलं की चूक, अजून कळत नाही.

आज मार्थाबाई आल्या. माळ्यावर बसू का, म्हणाल्या. एकट्याच बसल्या, खाली आल्या, चहा न घेता गेल्या. रविवारी रीमाला न्यायला येतील का, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही विचारवलं नाही.

पत्र लवकर पाठव.
तुझी सुमेधा